बैलाचा पाय का तुटला?

पोळ्याच्या आदल्या दिवशी गडचिरोली जिल्ह्यात, धानोऱ्याकडच्या एका शाळेत गेलो होतो. ओसरीवर मुलांनी केलेले मातीचे बैल वाळत होते. निम्म्यांचे पाय पोटाशी तडकलेले. "घाई करतात, लक्ष देत नाहीत," गुरुजी म्हणाले. मुलं गप्प. खरं म्हणजे मुलांचं काही चुकलं नव्हतं. जे घडलं ते मातीच्या स्वभावामुळे.

चिकणमातीचा कण ०.००२ मिलिमीटरहूनही लहान आणि पोह्यासारखा चपटा असतो. ओल्या मातीत कणांच्या मधे पाणी असतं, म्हणून ते एकमेकांवरून सरकतात आणि दाबू तसा आकार घेतात. पाणी उडालं की कण जवळ येतात, वस्तू आकसते. बैलाचे बारीक पाय आधी वाळतात, पोट मात्र ओलंच राहतं. पाय आकसून टणक झाल्यावर पोट आकसू लागतं. सांध्यावर ताण येतो आणि तडा जातो. कुंभार मडकी सावलीत हळूहळू वाळवतो, मातीत राख किंवा लीद मिसळतो, ते याचसाठी.

पण सगळेच बैल तडकले नव्हते. असं का? इथला धान पिकवणारा शेतकरी नुसतं 'माती' म्हणत नाही. कन्हार, मोरांड, खरडी, सिहार, बर्डी अशी त्याची नावं आहेत. कन्हार काळी, चिकट, उन्हाळ्यात भेगाळणारी. सिहारात रेती जास्त. बर्डी लाल, मुरमाड. मुलांच्या घरात रोज बोलले जाणारे हे शब्द वर्गात मात्र क्वचितच ऐकू येतात.

मुलांना आपापल्या शेतातली माती आणायला सांगा. सारखीच मळून प्रत्येकीची बोटभर जाड पट्टी करा. पट्टीवर बरोबर १० सेंटिमीटर अंतरावर दोन खुणा करून ती सावलीत ठेवा. पूर्ण वाळल्यावर पुन्हा मोजा. अंतर जितके मिलिमीटर कमी झालं, तितके टक्के माती आकसली! कन्हार सर्वांत जास्त आकसलेली दिसेल, कारण तिच्यातले काही खनिज-कण आपल्या थरांच्या आतही पाणी घेतात. मग तिच्यात थोडी थोडी रेती किंवा धानाचा कोंडा मिसळून पुन्हा मोजा. किती मिसळलं की माती वळतही नाही, हे मुलांचे हातच सांगतील.

त्या दिवशी एका मुलीच्या बैलाला एकही तडा नव्हता. ती घरी गोंडी बोलते. वर्गात तोंड उघडत नाही, असं मला सांगण्यात आलं. माती कुठली, विचारलं तर तिनं मला हाताला धरून शाळेमागच्या वारुळापाशी नेलं. वाळवी खालची बारीक माती वर आणते, रेतीचे कण तिच्यात लाळेनं चिकटवते. म्हणजे कुंभाराचं मिश्रण तिथं तयारच होतं. (अशी माती घ्यायची तर बाहेर गळून पडलेली घ्यावी, वारुळात हात किंवा काठी घालू नये, आत साप असू शकतो.)

गुरुजीही मागोमाग आले होते. त्यांनी तिला वारुळाचा गोंडी शब्द विचारला. त्यांना तो नीट म्हणता येईना. तिनं दोनदा दुरुस्त केला, तिसऱ्यांदा हसली.