साध्या फोनवरून ऑनलाइन मीटिंगमध्ये कसं शिरायचं? आयव्हीआर समजून घेऊया



ऑनलाइन पालकसभा ठरली की आपण ग्रुपवर लिंक टाकतो आणि मोकळे होतो. पण ज्या पालकांकडे अजून बटणांचाच फोन आहे त्यांचं काय? त्यांच्यासाठी खरं तर सोय असते. झूम किंवा गूगल मीटच्या निमंत्रणात बऱ्याचदा लिंकच्या खाली एक फोन नंबर आणि आकड्यांची रांग दिसते. पुढे पाठवताना आपण नेमका तोच भाग गाळतो. (सगळ्या खात्यांना ही सोय मिळतेच असं नाही, आधी तपासून घ्या.)

त्या नंबरावर फोन लावला की माणूस बोलत नाही, यंत्र बोलतं. "मीटिंगचा क्रमांक दाबा आणि मग हॅश दाबा." यालाच आयव्हीआर म्हणतात, म्हणजे इंटरॅक्टिव्ह व्हॉइस रिस्पॉन्स. गॅस सिलिंडर बुक करताना किंवा बँकेत फोन करताना आपण हाच आवाज ऐकलेला असतो.

आता प्रश्न असा की एकाच नंबरावर हजारो लोक फोन करतात, मग प्रत्येक जण आपापल्या मीटिंगमध्ये बरोबर कसा पोचतो? मोठ्या इमारतीच्या वॉचमनसारखं आहे हे. दार सगळ्यांना एकच, पण "कुठल्या खोलीत जायचंय?" हे विचारूनच तो आत सोडतो. आपला कॉल टेलिफोनच्या जाळ्यातून आधी गेटवेला पोचतो. गेटवे त्याचं इंटरनेटवरच्या कॉलमध्ये रूपांतर करतो आणि आयव्हीआरकडे देतो. आयव्हीआर क्रमांक ऐकतो, यादीत शोधतो, पासकोड जुळला की ती मीटिंग ज्या सर्व्हरवर चालू आहे तिकडे कॉल वळवतो.

"क्रमांक ऐकतो" हे मी शब्दशः म्हणतोय बरं का. प्रत्येक बटणामागे एकाच वेळी दोन सूर वाजतात. ५ दाबलं तर ७७० हर्ट्झ आणि १३३६ हर्ट्झ. आडव्या ओळीचा एक सूर, उभ्या रांगेचा दुसरा. दोन का? माणसाच्या बोलण्यात चुकून एखादा सूर जुळू शकतो, पण नेमकी तीच जोडी एका वेळी जुळणं फार कठीण. शिवाय हे सूर असे निवडले आहेत की एक दुसऱ्याच्या पटीत येत नाही. अमेरिकेत बेल कंपनीने १९६३ मध्ये ही पद्धत ग्राहकांना दिली. स्टार आणि हॅश ही बटणं १९६८ मध्ये आली. या पद्धतीला डीटीएमएफ म्हणतात.

मोबाइलवर थोडी गंमत आहे. साध्या जीएसएम कॉलमध्ये हँडसेट हे सूर स्वतः पाठवतच नाही. तो नेटवर्कला फक्त "५ दाबलं" असा निरोप देतो आणि पुढचा सूर नेटवर्क तयार करतं. इंटरनेटच्या टप्प्यातही तेच धोरण. आवाज दाबून लहान केला की सूर बिघडतात, म्हणून बटणाची खबर वेगळ्या पाकिटातून जाते. कधीकधी आपण बरोबर दाबूनही "क्रमांक चुकीचा आहे" ऐकू येतं. या निरोपांच्या अदलाबदलीत कुठेतरी एखादा आकडा हरवतो किंवा दोनदा पोचतो, हे त्यामागचं एक कारण. बटणं सावकाश, एकेक दाबावीत.

जिल्हाधिकारी कार्यालयात आपण ज्याला व्हीसी म्हणतो, त्या खोलीतल्या मोठ्या यंत्रांसाठीही असाच दरवाजा असू शकतो. १९९६ च्या एच.३२३ मानकावर चालणारं यंत्र मीटिंगच्या सर्व्हरला कॉल करतं, पडद्यावर स्वागताचं चित्र येतं, आवाज क्रमांक विचारतो आणि तो रिमोटने दाबायचा. फरक इतकाच की तिथे आत गेल्यावर चेहराही दिसतो.

फोनवाल्या पालकाला मात्र फक्त ऐकू येतं. सर्व्हर सगळ्यांचे आवाज एकत्र मिसळतो, पण प्रत्येकाला पाठवताना त्याचा स्वतःचा आवाज वगळतो. नाहीतर आपलंच बोलणं थोड्या उशिराने कानावर आदळलं असतं! साध्या टेलिफोनचा आवाज साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झमध्येच बसतो, त्यामुळे स आणि फ सारखे उच्चार पुसट होतात. तारखा आणि रकमा दोनदा सांगा. आणि "स्क्रीनवर बघा" असं म्हणाल तेव्हा स्क्रीनवर काय आहे तेही बोला.

पालकांना मेसेज करताना नंबर, मीटिंग क्रमांक आणि फोनसाठीचा पासकोड, तिन्ही द्या. झूममध्ये लिंकच्या पासकोडात अक्षरं असू शकतात, फोनसाठी वेगळा आकडी पासकोड असतो. मधे यंत्र सहभागी क्रमांक विचारतं, तो नसेल तर नुसतं हॅश दाबायचं. नंबर +९१ ने सुरू होणाराच निवडा, नाहीतर परदेशी कॉलचे पैसे पडतील. आत गेल्यावर बोलायला स्टार ६, झूममध्ये हात वर करायला स्टार ९.

वेटिंग रूम चालू ठेवली असेल तर हा पालक बाहेर ताटकळत बसतो, आणि तुमच्या यादीत नावाऐवजी नंबर दिसतो, तोही कधी अर्धा झाकलेला. म्हणून सभेआधी अशा पालकांच्या नंबरांचे शेवटचे आकडे वहीत उतरवून ठेवा, म्हणजे कुणाला आत घ्यायचं ते लगेच कळेल.