सांडपाण्याची तळी

मोरीतून वाहून गेलेले पाणी दिसेनासे झाले की आपण त्याला विसरतो. परंतु ते कोठे तरी जातेच. वाटेत त्याला कोणी अडविले नाही, तर ते ओढ्याला, नदीला अथवा खाडीला जाऊन मिळते आणि तेथील मासे मरू लागतात. ते का मरतात बरे?

मासे पाण्यात विरघळलेल्या प्राणवायूवर जगतात. २० अंश सेल्सिअस तापमानाच्या एक लिटर गोड्या पाण्यात हा वायू जेमतेम ९ मिलिग्रॅम मावतो. सांडपाण्यातील अन्नकण, मळ व मैला हे असंख्य सूक्ष्म जंतूंचे खाद्य होय. ते खाताना जंतूंनाही प्राणवायू लागतो, आणि एक लिटर सांडपाण्यातील घाण फस्त करण्यास तो सुमारे २०० ते ३०० मिलिग्रॅम खर्ची पडतो. हिशेब करून पाहा: एक लिटर सांडपाणी वीस-तीस लिटर स्वच्छ पाण्यातील सारा प्राणवायू संपवू शकते! हवेतून नवा वायू पाण्यात मिसळतो खरा, पण सावकाश. तोवर मासे गुदमरतात.

तेव्हा जंतू आपले वैरी नव्हेत. त्यांचे जेवण खाडीत न होता आधीच अन्यत्र उरकले, म्हणजे झाले.

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात हम्बोल्ट खाडीच्या काठी आर्काटा नावाचे लहानसे नगर आहे. वस्ती वीस हजारांच्या आत. या खाडीत कालवांची शेती चालते. कालवे पाणी गाळून आपले अन्न मिळवितात. त्यामुळे पाण्यातील रोगजंतू त्यांच्या अंगात साठतात आणि ती खाणारा माणूस आजारी पडतो. म्हणून येथे पाणी स्वच्छ राखणे हा अनेकांच्या पोटाचा प्रश्न होता. १९७४ साली राज्याने नियम केला, की खाडीचे हित होत असेल तरच तीत सांडपाणी सोडावे. आसपासच्या गावांनी मिळून एक मोठे केंद्र उभारावे व पाणी नळांतून दूर समुद्रात सोडावे, अशी योजना पुढे आली. ती आर्काटाला फार खर्चाची वाटली. तेथील विद्यापीठातील जॉर्ज ॲलन व रॉबर्ट गिअरहार्ट या प्राध्यापकांनी दुसरा मार्ग सुचविला: दलदलच हे काम करील! लोकांना शंका वाटणे साहजिक होते. १९७९ पासून काही वर्षे लहान लहान तळी करून पाण्याची परीक्षा घेतली, तेव्हा कोठे परवानगी मिळाली. लाकडाच्या वखारी व कचऱ्याचा जुना उकिरडा जेथे होता, तेथेच ही दलदल साकारली आणि १९८६ साली सारी योजना चालू झाली.

येथे आलेले सांडपाणी प्रथम जाळ्यांतून जाते व चिंध्या-काटक्या मागे राहतात. मग ते संथ टाक्यांत थांबते, तेव्हा जड गाळ तळाशी बसतो. तो बंद टाकीत कुजवितात. त्यातून निघणारा वायू जाळून टाकीलाच ऊब देतात. वरचे पाणी उथळ, विस्तीर्ण तळ्यांत कित्येक दिवस राहते. तेथे उन्हात शेवाळ प्राणवायू निर्माण करते आणि जंतू यथेच्छ जेवतात. पण आता पाणी शेवाळाने हिरवे होते, आणि ते शेवाळही खाडीत मरून कुजलेच असते. यावर उपाय दलदलीचा. तेथील पाणकणसांची दाट सावली शेवाळाला ऊन मिळू देत नाही. ते मरून तळाशी बसते, आणि देठांना चिकटलेले जंतू उरलीसुरली घाण खातात. रोगजंतूंचा नाश करून मगच पाणी खाडीत सोडतात.

ही व्यवस्था अगदी निर्धोक आहे असे मात्र नव्हे. हिवाळ्यात तेथे मुसळधार पाऊस पडतो, जुन्या नळांच्या फटींतून जमिनीतील पाणी आत शिरते आणि एरवीच्या कित्येक पट लोंढा केंद्रावर येतो. अशा वेळी कामगारांची धांदल उडते व जंतूंना जेवायला पुरेसा अवधी मिळत नाही. एरवी तेथे बदके, बगळे सुखाने वावरतात. आजवर ३०० हून अधिक जातींचे पक्षी या दलदलीत पाहिले गेले आहेत. दुर्बिणी घेऊन लोक येतात, आणि समोरचे पाणी काही दिवसांपूर्वी कोणाच्या तरी मोरीतून निघाले होते, हे त्यांतील पुष्कळांच्या ध्यानीही येत नाही.