बेस नसलेला बेस आणि बावीस मात्रांचा नाच

फुटबॉलच्या मैदानावर हजारो माणसं एका सुरात ‘ओ… ओ’ करत जी सात सुरांची धून गातात, ती तुम्ही एकदा तरी ऐकलेली असणारच. मूळ गाण्यात ती जाडजूड, छातीत घुमणाऱ्या बेस गिटारवर सुरू होते, असं ऐकणारा कुणीही शपथेवर सांगेल. गंमत अशी की त्या बँडकडे बेस गिटार नव्हतीच. ‘द व्हाइट स्ट्राइप्स’ हे डेट्रॉइटचं दोन माणसांचं बिऱ्हाड होतं. जॅक व्हाइट गिटार वाजवायचा आणि गायचा, मेग व्हाइट ड्रम वाजवायची, संपलं. ‘सेव्हन नेशन आर्मी’मध्ये जॅकनं आपली साधी गिटार पायाखालच्या एका पेडलमधून फिरवली आहे. ते पेडल प्रत्येक सुराची कंपनं निम्मी करतं. कंपनं निम्मी झाली की सूर बरोबर एक सप्तक खाली उतरतो, आणि मध्य सप्तकातलं गाणं मंद्रात जाऊन बसतं. आपण ऐकतो तो बेस म्हणजे वेषांतर केलेली गिटार आहे.

एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दहा वर्षांतली माझी आवडती पॉप आणि इंडी गाणी एकापाठोपाठ लावली की असे चकवे पुन्हा पुन्हा सापडतात. कान एक समजतो, निघतं भलतंच. आणि चकवा कळल्यावर गाण्याची मजा उतरायला हवी, ती उलट चढते.

‘सेव्हन नेशन आर्मी’ची धून जॅकला जानेवारी २००२ मध्ये मेलबर्नला एका कार्यक्रमाआधी, माइक-स्पीकर तपासून पाहताना सुचली. कधी जेम्स बाँडच्या चित्रपटाचं शीर्षकगीत करायला मिळालं तर तिथे वापरू, म्हणून त्यानं ती आधी राखून ठेवायचं ठरवलं होतं. मग वाटलं, कोण देतंय बाँड आपल्याला! लंडनच्या एका स्टुडिओत जुन्या आठ ट्रॅकच्या यंत्रावर गाणं ध्वनिमुद्रित झालं. ते ज्या अल्बममध्ये आलं त्यासाठी कॉम्प्युटर वापरलेला नाही, असं अल्बमच्या वेष्टनावर अभिमानानं छापलं आहे. २००३ साली गाणं बाहेर पडलं, आणि २००८ मध्ये बाँडचं गाणं खरोखरच जॅककडे चालून आलं, पण तोवर ही धून हातची गेलेली होती.

गेली कुठे, तर फुटबॉलकडे. ऑक्टोबर २००३ मध्ये बेल्जियमच्या क्लब ब्रुगाचे पाठीराखे एसी मिलानविरुद्धच्या सामन्यासाठी मिलानला आले होते. तिथल्या एका बारमध्ये हे गाणं लागलं, ते त्यांच्या तोंडात बसलं आणि मैदानावरही गेलं. त्यातून ब्रुगानं सामना १-० असा जिंकला, मग काय विचारता! धून ब्रुगाची झाली. २००६ मध्ये रोमाच्या पाठीराख्यांनी ती ब्रुगाकडून उचलली आणि त्याच उन्हाळ्यात इटलीनं विश्वचषक जिंकला तेव्हा सगळा देश तीच गात होता. हे जमलं कारण धून गळ्याला सोपी आहे. षड्जावर उभी राहते, कोमल गंधाराला हात लावून परतते आणि आसावरी थाटातल्या सुरांवरून मंद्र पंचमापर्यंत उतरते. एवढ्यात संपूर्ण. पट्टी चुकली, गळा बसलेला असला, दोन पेले पोटात गेलेले असले, तरी कुणी मागे राहत नाही.

दुसरं गाणं ब्रिटनी स्पिअर्सचं ‘टॉक्सिक’. इंडी ऐकणाऱ्या मंडळींपुढे ब्रिटनीचं नाव काढायला तेव्हा थोडं धाडस लागायचं, पण या गाण्यापुढे भलेभले नमले. २००५ मध्ये त्याला ग्रॅमीही मिळालं. त्यात मधूनमधून व्हायोलिनांचा एक ताफा सुरी उगारल्यासारखा अंगावर येतो. हेरगिरीच्या एखाद्या जुन्या विलायती चित्रपटातून आला असावा असाच तो वाटतो. आला आहे तो १९८१ च्या ‘एक दूजे के लिए’मधल्या ‘तेरे मेरे बीच में’ या गाण्यातून.

‘ब्लडशाय अँड अवांट’ या नावानं काम करणाऱ्या दोघा स्वीडिश निर्मात्यांनी त्या गाण्याच्या वाद्यमेळातले दोन वेगवेगळे तुकडे कापले आणि एकमेकांना जोडून उंच पट्टीतली एक नवी सुरावट घडवली. लताबाईंचा किंवा बालसुब्रह्मण्यम यांचा आवाज त्यात नाही, शब्द नाहीत, उरली आहेत फक्त व्हायोलिनं. ती लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांच्या वाद्यवृंदातली. मराठी घरातले लक्ष्मीकांत कुडाळकर आणि ट्रम्पेटवादक बापाचा मुलगा प्यारेलाल, अशी ती जोडी. प्यारेलाल स्वतः व्हायोलिनवादक, आणि त्यांचे गुरू गोव्यातल्या माजोर्डा गावचे अँथनी गोन्साल्विस. ‘अमर अकबर अँथनी’तलं ते अंड्यातून बाहेर पडणारं गाणं ज्यांचं नाव मिरवतं, तेच हे गुरुजी. पोर्तुगीज काळातल्या गोव्यात गावोगावी मुलांना स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवलं जाई. त्या शिक्षणावर वाढलेल्या वादकांनी मुंबईच्या चित्रपटसंगीताचा मोठा भार वाहिला. ‘एक दूजे के लिए’चं कथानकही गोव्यातच घडतं, त्यातल्या तमिळ मुलाला आणि हिंदी मुलीला एकमेकांची भाषा येत नाही. त्यांच्या प्रेमगीतातली व्हायोलिनं पुढे स्टॉकहोममार्गे अमेरिकेला गेली आणि तिथेही शब्दांवाचून त्यांचं काही अडलं नाही.

असे सगळे प्रवास सुखाचे नव्हते, हेही सांगायला हवं. २००२ च्या ‘अडिक्टिव्ह’ या गाण्यात लताबाईंचं, बप्पी लाहिरींनी स्वरबद्ध केलेलं ‘थोडा रेशम लगता है’ विनापरवाना वापरलं होतं. प्रकरण अमेरिकेत कोर्टात गेलं. लाहिरींचं नाव छापल्याशिवाय अल्बम विकायचा नाही, असा आदेश निघाला.

पण माझ्या यादीत सगळ्यात वर आहे ‘आउटकास्ट’चं ‘हे या!’. २००३ मधलंच. अटलांटाच्या आंद्रे ३००० नं ते रचलं आणि त्यातली गिटारही स्वतःच वाजवली. लग्नात, कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये कुठेही लावा, लोक उठतात. आता जरा बोटांवर मात्रा मोजत ऐका. चार, चार, चार इथपर्यंत सगळं सुरळीत चालतं. पुढचा खंड दोनच मात्रांत आटपतो. मग पुन्हा चार, चार, आणि आवर्तन संपतं. बेरीज बावीस! केरवा धरून बसलेला तबलजी दुसऱ्याच आवर्तनाला समेवर एकटा पडेल. आणि तरीही या गाण्यावर नाचताना कुणाचा पाय अडखळल्याचं ऐकिवात नाही.

याचं उत्तर मला फार आवडतं. नाचणारा माणूस चार मोजतच नाही, तो दोन मोजतो. डावा, उजवा. एक पाऊल, एक टाळी. बावीसला दोननं पूर्ण भाग जातो, म्हणून टाळी अकरा वेळा पडून ठोका जिथल्या तिथे राहतो. पायांना काही कळत नाही. फक्त चाल मनात आखत जाणाऱ्या डोक्याला दर आवर्तनात वाटतं की कुणीतरी मागून हलकेच ढकललं. त्या ढकलण्यामुळेच गाणं सतत पुढे झुकलेलं राहतं.

सुरांतही अशीच खोडी आहे. गाण्याचे कॉर्ड शिकाऊ मुलालाही येणारे, शुद्ध स्वरांचे. त्या वळणानं आवर्तनाच्या शेवटी कान एका मवाळ मायनर कॉर्डची वाट पाहतो. आंद्रे तिथे मेजर ठेवतो. म्हणजे बिलावलच्या लख्ख उजेडात एकाएकी कोमल ऋषभ डोकावतो. तो चेहऱ्यावर हसू ठेवून खुपतो, आणि शब्दही तसेच आहेत. ते विचारतात, जोडपी सुखी नसूनही एकत्र का राहतात? मधेच गाणारा म्हणून घेतो की तुम्हाला माझं ऐकायचंच नाही, तुम्हाला नुसतं नाचायचंय. लोक त्यावर आणखी जोरात नाचतात.

याच गाण्यात पोलरॉइडचा फोटो हलवावा तसं अंग हलवा, असं सांगितलं आहे. ती सवय जुन्या काळची. तेव्हा फोटोचा ओला पृष्ठभाग उघडा असायचा आणि तो हवेवर वाळवावा लागे. १९७२ पासूनच्या नव्या फिल्ममध्ये चित्र पारदर्शक प्लॅस्टिकच्या आवरणाआडच उमटतं, त्याला हवा लागतच नाही. गाण्यानं धुमाकूळ घातल्यावर २००४ मध्ये पोलरॉइड कंपनीला जाहीरपणे सांगावं लागलं की फोटो हलवू नका, आतले थर सुटून चित्र बिघडू शकतं.