न सुटलेली प्रकरणे (लेखांक ११): पंढरपूरचा खून, खानदेशातला फरारी

अक्कलकुव्याहून बडोदे जवळ, पुणे लांब. खापर गाव मागे पडले की गुजरातची हद्द आलीच. दोनशे वर्षांपूर्वीही या मुलखाची तऱ्हा अशीच होती. पश्चिमेला गायकवाड, दक्षिणेला पेशवा आणि मधल्या सातपुड्यात काठी, नाला, सिंगपूर अशी मेवासी संस्थाने. तिथे दोघांपैकी एकाचाही हुकूम धड चालत नव्हता. बडोद्याच्या वकिलाचा पंढरपुरात खून होतो, ज्याच्यावर आरोप तो माणूस ठाण्याच्या तुरुंगातून निसटतो आणि डोंगर-जंगलांच्या आसऱ्याने खानदेशापर्यंत वावरतो. या प्रकरणाचा धागा या बाजूला येतो तो असा.

मागच्या लेखांकात नारायणराव पेशव्यांच्या खुनाची हकीकत आली होती. त्या खुनाला निदान एक रामशास्त्री लाभला. त्यांनी चौकशी करून ४९ जणांची यादी काढली: १३ गारदी, २६ ब्राह्मण, ३ प्रभू, ७ मराठे. ‘ध’चा ‘मा’ कोणी केला यावर आजही वाद घालता येतो, पण तो निदान एका चौकशीच्या आधाराने. बडोद्याचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन यांच्या वाट्याला अशी चौकशी आलीच नाही.

शास्त्री हा मोठा वल्ली माणूस. मूळ पेशव्यांच्या मुलखातला, पण नशीब उघडले ते बडोद्यात, इंग्रज रेसिडेंटच्या कचेरीत. पुण्याचा रेसिडेंट एल्फिन्स्टन याने त्याचे वर्णन लिहून ठेवले आहे. भरभर चालणारा, भरभर बोलणारा, समोरच्याचे बोलणे तोडणारा, साहेबी थाटाचा आणि पेशव्याच्या कारभाऱ्यांचा उल्लेख इंग्रजी शिव्यांनी करणारा! अशा माणसाला १८१४ मध्ये गायकवाडांनी दुसऱ्या बाजीरावाकडे पाठवले. कामे दोन होती: पेशव्याच्या जुन्या येण्याचा हिशेब मिटवायचा आणि अहमदाबादच्या इजाऱ्याची (महसुली मक्त्याची) मुदत वाढवून घ्यायची. त्याच्या जिवाची हमी इंग्रजांनी घेतली होती. पुढचे सगळे राजकारण या एका हमीवर उभे राहिले.

इजारा मिळाला नाही. अहमदाबाद बाजीरावाने आपल्या लाडक्या त्र्यंबकजी डेंगळ्याकडे सोपवले. हा संगमनेरजवळच्या निमगाव जाळीचा. जासुदाच्या कामापासून चढत चढत कारभारापर्यंत पोचलेला. मग अचानक वारे फिरले. शास्त्र्याला गोंजारणे सुरू झाले. खुद्द पेशव्याच्या मेहुणीशी त्याच्या मुलाचे लग्न ठरले आणि नाशिकला तयारीही झाली. इकडे शास्त्र्याने हिशेबाच्या बदल्यात ७ लाखांचा मुलूख देण्याचे कबूल केले, पण बडोद्याहून फत्तेसिंगरावाची मंजुरी येईना. शेवटी शास्त्र्याने लग्न मोडले. भरल्या मांडवातून वऱ्हाड परत जावे तसा हा अपमान होता, आणि तो पेशव्याच्या घराचा!

तरीही आषाढीला शास्त्री पेशव्याबरोबर पंढरपूरला गेला. एल्फिन्स्टन त्या वेळी वेरूळची लेणी पाहायला गेला होता. २० जुलै १८१५ च्या त्या संध्याकाळी शास्त्र्याला कसर होती, म्हणून देवळात यायला त्याने नकार दिला. त्र्यंबकजीकडून पुन्हा पुन्हा बोलावणे आले. अखेर थोडी माणसे घेऊन तो निघाला. दर्शन झाले, त्र्यंबकजीशी गप्पा झाल्या. परतीच्या वाटेवर मागून काही जण धावत आले, ‘बाजूला व्हा’ असे ओरडले आणि कापडात दडवलेल्या तलवारींनी त्याला तोडले. मशालीच्या उजेडात ते जिकडून आले होते तिकडेच पळाले.

शास्त्र्याची माणसे त्र्यंबकजीकडे गेली. त्याचे उत्तर साधारण असे होते: बडोद्यात शास्त्र्याचे शत्रू थोडे का आहेत, नुसत्या संशयावरून कोणाला धरायचे? दोष बडोद्याकडे ढकलणारे हे उत्तर त्याच्या सोयीचे होते खरे, पण खोटे नव्हते. बडोद्याचा पदच्युत दिवाण सीताराम रावजी याचा गट शास्त्र्याचा उघड वैरी होता. त्या गटाची गोविंदराव बंधुजी आणि भगवंतराव गायकवाड ही माणसे पेशव्याच्या दरबारात वावरत होती.

म्हणजे संशयित निदान तीन ठिकाणी होते: पेशव्याच्या वाड्यात, त्र्यंबकजीच्या गोटात आणि बडोद्यातल्या सीतारामपंथीयांत. एल्फिन्स्टनने जबान्या गोळा केल्या आणि बोट ठेवले ते एकट्या त्र्यंबकजीवर. बाजीरावाला त्याने जाणूनबुजून बाजूला ठेवले. पेशव्यावर आरोप केला असता तर लगेच युद्ध करावे लागले असते, आणि कलकत्त्याच्या कंपनी सरकारला ते इतक्यात नको होते. ही मुत्सद्देगिरी शहाणपणाची होती, पण तिने एक मोठा प्रश्न कायमचा मिटवून टाकला: पेशव्याला ठाऊक होते की नव्हते? तलवार चालवणाऱ्यांवर कोणत्याही न्यायासनापुढे खटला उभा राहिला नाही. ज्याला सूत्रधार ठरवले त्या त्र्यंबकजीवरही नाही.

आणखी एक तर्क अधूनमधून ऐकू येतो. हा खून इंग्रजांनीच घडवून आणला, कारण फायदा त्यांचाच झाला. फायदा झाला यात शंका नाही. १३ जून १८१७ च्या पुणे तहात बाजीरावाला मराठ्यांच्या पुढारपणावर पाणी सोडावे लागले आणि सुमारे ३४ लाखांचा मुलूख द्यावा लागला. पण त्याच तहात गायकवाडांवरचे सगळे जुने दावे वर्षाला ४ लाखांत मिटले. फायदा हाच पुरावा मानायचा तर गायकवाडांनाही पिंजऱ्यात उभे करावे लागेल. इंग्रजांनी खुनाचा उपयोग करून घेतला, हे कागदोपत्री दिसते. खून करवला, याचा कागद नाही.

बराच काळ टाळाटाळ करून बाजीरावाने सप्टेंबर १८१५ मध्ये त्र्यंबकजीला इंग्रजांच्या हवाली केले. ठाण्याच्या किल्ल्यात त्याच्यावर मुद्दाम गोरे पहारेकरी नेमले, का, तर देशी शिपाई फितूर होतील. तीच चूक नडली. एका अधिकाऱ्याचा मराठी मोतद्दार घोड्याची मालिश करता करता खिडकीखाली गाणे म्हणत असे आणि पळून जाण्याचा बेत त्या गाण्यातून आत पोचत असे. गोऱ्यांना त्यातले अक्षर कळत नव्हते. १२ सप्टेंबर १८१६ च्या रात्री कैदी पसार झाला. गाण्याची ही हकीकत बिशप हेबरने आपल्या प्रवासवर्णनात दिली आहे. तिच्यावर नंतर किती मीठमसाला चढला, ते मोजणे अवघड आहे.

पुढची दोन वर्षे संगमनेर, नाशिक, खानदेशातल्या डोंगरांची. कोळी, रामोशी, भिल्ल यांच्या आसऱ्याने त्र्यंबकजी माणसे जमवत राहिला. बाजीरावाने इंग्रजांच्या दबावाखाली त्याच्यावर २ लाखांचे इनाम लावले आणि इंग्रजांचा संशय असा की, आतून तोच पैसा पुरवतो. पेशवाई बुडाल्यावर, जून १८१८ च्या अखेरीस, कॅप्टन स्वान्स्टनने त्याला चांदवडजवळच्या आहेरगावी पकडले.

पण खानदेशातले बंड थांबले नाही, आणि इथे सबंध प्रकरणातला सर्वात टिकाऊ कटसिद्धान्त जन्मला. भिल्ल का उठले? इंग्रज अधिकाऱ्यांचे उत्तर तयार होते: त्र्यंबकजी आणि त्याचे डेंगळे भाऊबंद यांनी चिथावले. गोदाजी डेंगळ्याने माणसे उठवली हे खरेच आहे. पण होळकरी धुमाळी आणि १८०३-०४ चा दुष्काळ यांनी हा मुलूख आधीच उजाड केला होता. घाट राखण्याच्या बदल्यात भिल्ल नाईकांना मिळणारे हक्क बुडाले होते. उपाशी माणसाला उठवायला संगमनेरच्या डेंगळ्याची काय गरज? कंपनी सरकारलाही हे उमगले असावे. पुढे काही नाईकांचे हक्क त्यांनी पुन्हा बांधून दिले आणि १८२५ मध्ये औट्रम या इंग्रज अधिकाऱ्याच्या हाताखाली भिल्ल पलटण उभारली. बाहेरच्या माणसाची चिथावणी हे एकच कारण असते, तर डेंगळे तुरुंगात पडल्यावर इतका खटाटोप करावा लागला नसता.

त्र्यंबकजीला गंगेकाठच्या चुनार किल्ल्यात ठेवले. १८२४ मध्ये तिथून जाताना बिशप हेबरने त्याला पाहिले. पहारा कडक होता. खटला तोपर्यंतही चालला नव्हता, आणि पुढेही चालला नाही. तो चुनारलाच वारला.

(पुढील लेखांकात: आंबापाणीची लढाई आणि खाज्या नाईक)