परसातील कोंबड्या आणि शेजारधर्म

खेड्यातील घराच्या परसात पाच-दहा कोंबड्या असल्या, तर त्यांची गणना सहसा कोणी उद्योगात करीत नाही. सकाळी खुराड्याचे दार उघडावे, मूठभर कण्या टाकाव्यात आणि दिवेलागणीस दार पुन्हा लावून घ्यावे, एवढीच काय ती त्यांची उस्तवार. दिवसभर त्या उकिरडा उकरतात, वाळवी व किडे वेचतात आणि खळ्यावर सांडलेले दाणे टिपतात. माणसाच्या उपयोगी न पडणाऱ्या या वस्तूंचे त्या अंड्यांत व मांसात रूपांतर करतात. अंड्यांचे चार पैसे बहुधा घरच्या गृहिणीच्या हाती पडतात आणि मीठमिरची किंवा मुलांच्या वह्या यांची सोय होते. २०१९ सालच्या पशुगणनेत भारतात सुमारे ८५ कोटी पाळीव पक्षी आढळले. त्यांपैकी जवळजवळ ३२ कोटी पक्षी अशा परसांतील होते.

इतका मोठा हा पसारा असूनही तो फार नाजूक पायावर उभा आहे. पावसाळ्यापूर्वी भरलेले खुराडे आठवड्याभरात रिकामे होते, हा अनुभव अनेक घरांना आलेला असतो. असे का होते आणि एकेकट्या घराला ते का टाळता येत नाही, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

रानातून परसात

आपली कोंबडी ही मूळची रानकोंबडी होय. दक्षिण व आग्नेय आशियातील तांबडा रानकोंबडा हा तिचा मुख्य पूर्वज असल्याचे मत चार्ल्स डार्विन याने १८६८ साली मांडले होते आणि अलीकडील आनुवंशिक संशोधनाने त्यास पुष्टी मिळाली आहे. तथापि तिच्या रक्तात आणखी एका पूर्वजाचा अंश आहे. अनेक पाळीव जातींची कातडी पिवळी असते. हा गुण सह्याद्रीच्या व दक्षिण भारताच्या रानांत आढळणाऱ्या राखी रानकोंबड्याकडून आला असल्याचे २००८ साली दाखविण्यात आले.

रानातील सवयी गावठी कोंबडीने सोडलेल्या नाहीत. ती उंचावर बसून झोपते, घारीची सावली दिसताच पिलांना पंखांखाली घेते आणि काही अंडी घातल्यावर खुडूक होऊन रवणीस बसते. एकवीस दिवस ती अंड्यांना ऊब देते व चोचीने ती फिरवीत राहते. या काळात आणि पुढे पिले सांभाळताना ती अंडी घालीत नाही. त्यामुळे वर्षाकाठी तिची अंडी पन्नास ते ऐंशीच्या घरातच राहतात. हैदराबाद येथील कुक्कुट संशोधन संस्थेने परसासाठी सिद्ध केलेल्या ‘वनराजा’ व ‘ग्रामप्रिया’ या जाती याहून पुष्कळ अधिक अंडी देतात; परंतु रवणीस बसण्याची वृत्ती त्यांच्यात जवळजवळ उरलेली नाही. म्हणून ज्या घरी वनराजा आहे, त्या घराला पिलांसाठी शेजारच्या गावठी खुडूक कोंबडीचा आधार घ्यावा लागतो, नाहीतर पिले विकत आणावी लागतात. परसातील कोंबडीपालनात शेजाऱ्याची गरज अशी पहिल्याच पायरीवर भासू लागते.

मानमोडीचे संकट

खुराडे रिकामे करणारा सर्वांत भयंकर रोग म्हणजे ‘राणीखेत’. कोंबडीची मान पिळवटते म्हणून खेड्यांतून यास ‘मानमोडी’ असेही म्हणतात. १९२६ साली जावा बेटावर व इंग्लंडमधील न्यूकॅसल या शहराजवळ या रोगाची नोंद झाली. त्यानंतर थोड्याच काळात कुमाऊंच्या डोंगरातील राणीखेत येथे तो आढळला आणि भारतात त्या गावाचे नाव त्यास कायमचे चिकटले.

हा रोग एका विषाणूमुळे होतो. आजारी पक्षी चोच उघडून धापा टाकतो, हिरवट पातळ विष्ठा टाकतो, त्याचे पाय व पंख लुळे पडतात आणि बहुधा थोड्याच दिवसांत तो मरतो. ज्या कळपास पूर्वी लस दिलेली नाही, त्यातील बहुतेक सर्व पक्षी या रोगाने दगावू शकतात. रोग जडल्यावर त्यावर गुणकारी असे औषध नाही. विषाणू शरीरात शिरल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत साधारणतः पाच-सहा दिवस, क्वचित पंधरा दिवसही जातात. बाजारातून आणलेली धडधाकट दिसणारी कोंबडी घरात मृत्यू घेऊन येते ती याच कारणाने. नवा पक्षी निदान दोन-तीन आठवडे वेगळ्या डालग्याखाली ठेवावा, हा नियम यातूनच निघाला आहे.

एक कुपी आणि दहा घरे

रोगावर औषध नसले, तरी त्यास अटकाव करणारी लस आहे. दुर्बळ केलेला जिवंत विषाणू पक्ष्याच्या शरीरात सोडला असता शरीर त्याविरुद्ध प्रतिद्रव्ये तयार करते आणि पुढे खऱ्या रोगाचा विषाणू आला तर त्याचा प्रतिकार करते. पिलांना पहिल्या आठवड्यात डोळ्यात किंवा नाकपुडीत लसीचा एक थेंब टाकतात. सुमारे आठ आठवड्यांनी अधिक प्रभावी लस सुईने टोचतात.

मग ही लस घरोघर का पोहोचत नाही? अज्ञान हे एक कारण खरे. पण त्याहून मोठे कारण लसीच्या कुपीतच आहे. एका कुपीत सामान्यतः शंभर किंवा त्याहूनही अधिक पक्ष्यांना पुरेल इतकी लस असते. ती थंड जागी, दोन ते आठ अंश सेल्सिअस तापमानात जपावी लागते आणि एकदा द्रावणात मिसळली की दोन-एक तासांत संपवावी लागते; उरलेली लस निरुपयोगी होते. ज्या गृहिणीच्या खुराड्यात आठ कोंबड्या आहेत, तिने ही कुपी आणावी कशी आणि उरलेल्या मात्रांचे करावे काय? मोठ्या कुक्कुटशाळेला न जाणवणारी ही अडचण परसाला मात्र दुर्लंघ्य वाटते.

या अडचणीचा निम्मा भाग ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंड विद्यापीठातील संशोधकांनी दूर केला. उष्णतेत लवकर न बिघडणारी ‘आय-२’ नावाची लस त्यांनी खेड्यांतील कोंबड्यांसाठी तयार केली. मोझांबिक, टांझानिया इत्यादी देशांत ही लस वापरात आली. तेथे गावातीलच स्त्री-पुरुषांना डोळ्यात थेंब टाकण्याचे शिक्षण देण्यात आले. दर चार महिन्यांनी ठरलेल्या दिवसांत ते घरोघर फिरून अल्प मोबदल्यात लस टाकू लागले.

अडचणीचा उरलेला निम्मा भाग मात्र प्रयोगशाळेत सुटणारा नाही. तो शेजाऱ्यांनीच सोडवावयाचा असतो. आठ-दहा पक्ष्यांची दहा घरे एकत्र आली की एक कुपी पुरी वापरली जाते व खर्च वाटला जातो. पक्षी खुराड्यात असतात अशी पहाटेची किंवा तिन्हीसांजेची वेळ ठरवावी. आजारी पक्ष्यांना त्या दिवशी वगळावे आणि पशुवैद्याच्या सल्ल्याने एकाच दिवशी साऱ्या आळीचे लसीकरण उरकावे. यात काटकसरीपलीकडचाही लाभ आहे. कोंबड्या कुंपण मानीत नाहीत. एका घराच्या कळपास लस मिळाली आणि शेजारच्यास मिळाली नाही, तर त्या आळीत विषाणूला राहण्यास जागा उरतेच.

अनुभव आणि नोंद

कोंबड्या पाळणाऱ्यांजवळ अनुभवाचा साठा मोठा असतो आणि पारावर किंवा पाणवठ्यावर तो मोकळेपणाने वाटलाही जातो. परंतु सर्वच अनुभव सारख्या योग्यतेचे नसतात. ‘अमुक पाला चारला आणि कोंबडी वाचली’ असे कोणी सांगितले, तर किती कोंबड्यांना तो चारला, त्यांतील किती मेल्या आणि न चारलेल्यांपैकी किती जगल्या, हे विचारणे प्राप्त आहे. एक पक्षी वाचला एवढ्यावरून पाल्याचा गुण सिद्ध होत नाही. कारण काही पक्षी कोणत्याही उपचाराविना वाचतात.

याउलट, साध्या नोंदीतून पुष्कळ बोध होतो. समजा, एका घरी बारा अंडी रवणीस ठेवली, नऊ पिले निघाली आणि दोन महिन्यांनी तीनच उरली. न निघालेली अंडी तीन आणि गमावलेली पिले सहा, हे कागदावर येताच दोष अंड्यांपेक्षा संगोपनात अधिक आहे हे उमगते. त्याच आळीत दुसऱ्या घरी नवांपैकी सात पिले जगली असतील, तर त्या घरी काय वेगळे केले हे पाहता येते. कदाचित तेथे पहिले चार आठवडे पिले डालग्याखाली ठेवली असतील आणि घार, कावळा व मुंगूस यांपासून ती वाचली असतील. सातव्या दिवशी अंधारात अंड्यामागे दिवा धरला असता फलित अंड्यात रक्तवाहिन्यांचे जाळे दिसते, वांझ अंडे स्वच्छ दिसते. हेही एकाने दाखवावे व दहांनी शिकावे असेच आहे.

वार्ता लपवू नये

अनुभवाच्या देवघेवीची खरी कसोटी संकटकाळी लागते. घरात दोन कोंबड्या मेल्या की उरलेल्या मरण्यापूर्वी बाजारात विकून टाकण्याचा मोह होतो. गरिबाच्या दृष्टीने तो स्वाभाविक आहे. पण एका घराचे नुकसान त्यामुळे दहा गावांचे होते.

फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे भारतातील पहिली ‘बर्ड फ्ल्यू’ची साथ आढळली. २००८ च्या आरंभी पश्चिम बंगालमध्ये जी साथ आली, तिचा मोठा आघात परसातील कोंबड्यांवरच झाला. क्वचित प्रसंगी हा रोग माणसालाही जडतो व प्राणघातक ठरतो. म्हणून अनेक पक्षी एकाएकी मरू लागले, तर मेलेले पक्षी उघड्या हातांनी हाताळू नयेत, ओढ्यात टाकू नयेत, विकू वा खाऊ नयेत. पशुवैद्यकीय दवाखान्यास आणि शेजाऱ्यांस त्याच दिवशी कळवावे. साथ आटोक्यात आणण्यासाठी शासनाने पक्षी मारले, तर त्यांची भरपाई देण्याची तरतूद आहे. रोग लपविल्यावर हाती काहीच उरत नाही.

परसातील कोंबडीपालनाला मोठे भांडवल लागत नाही, हा त्याचा गुण सर्वांना ठाऊक आहे. त्याला जे भांडवल लागते ते निराळ्या प्रकारचे आहे: वेळेवर दिलेली खबर, वाटून घेतलेली कुपी आणि खरी लिहिलेली नोंद. हे भांडवल कोणत्याही एका घराच्या मालकीचे नसते; परंतु ते ज्या आळीत साठते, तेथील खुराड्यांतून पावसाळ्यानंतरही पहाटेची बांग ऐकू येते.