हस्तरेषा शिकायच्या, तर आधी वही उघडा

तंजावर : कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात हात पाहण्याची परंपरा रंगभूमीवरही पोहोचली आहे. ‘कुरवंजी’ या तमिळ नाट्यप्रकारात भटकंती करणारी कुरत्ती विरहिणी नायिकेचा हात पाहून तिचे भविष्य सांगते. ‘शरभेंद्र भूपाल कुरवंजी’ या नाटकात नायिकेचे मन जडले आहे ते तंजावरचे मराठा राजे दुसरे सरफोजी यांच्यावर. याच सरफोजींनी ‘देवेंद्र कुरवंजी’ हे मराठी नाटक रचले आणि त्यात कुरत्तीच्या तोंडी भविष्याऐवजी जगाचा भूगोल घातला. हस्तरेषा नव्या दृष्टीने शिकू पाहणाऱ्यास या बदलातून बरेच काही घेता येते.

हात पाहणे आजही अनेकांसाठी कुतूहलाचा, तर काहींसाठी उपजीविकेचा विषय आहे. नवशिक्याने मात्र आरंभीच तीन प्रश्न विचारावेत : रेषा कशा तयार होतात, सांगणाऱ्याला माहिती कोठून मिळते आणि भाकीत खरे ठरले की नाही हे ठरवायचे कसे?

रेषांची घडण

हस्तसामुद्रिकात आयुष्यरेषा, मस्तकरेषा आणि हृदयरेषा या तीन प्रमुख रेषा मानल्या जातात. सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिते’तही शरीरलक्षणांच्या विवेचनात तळहाताचा विचार आहे. शरीरशास्त्राच्या दृष्टीने या रेषा म्हणजे त्वचेच्या घड्या होत. गर्भावस्थेच्या पहिल्या काही महिन्यांतच त्या उमटतात. अंगठा व बोटे मिटताना त्वचा याच ठिकाणी दुमडते. आयुष्यरेषा अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या उंचवट्याला वळसा घालते, तर अन्य दोन रेषा बोटे मिटताना दुमडणाऱ्या भागात आडव्या जातात. या रेषेच्या लांबीवरून आयुर्मान ठरते, याला वैद्यकीय आधार नाही.

याचा अर्थ हातावरून काहीच कळत नाही, असा नव्हे. काहींच्या तळहातावर दोन आडव्या रेषांऐवजी एकच सलग रेषा असते. डाऊन सिंड्रोम असलेल्यांत ती अधिक प्रमाणात आढळते. पण अनेक निरोगी व्यक्तींच्या हातावरही ती असते. त्यामुळे केवळ तिच्यावरून निदान केले जात नाही.

तळहाताच्या रंगाचा उपयोग तर थेट आरोग्यसेवेत होतो. आजारी बालकांच्या तपासणीच्या राष्ट्रीय कार्यपद्धतीत आरोग्य कर्मचारी बालकाचा तळहात स्वतःच्या आणि इतरांच्या तळहाताशी ताडून पाहतात. तो फिकट दिसल्यास रक्तक्षयाची शंका घेतली जाते. अतिशय फिकट असल्यास बालकाला रुग्णालयात पाठवले जाते. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील 6 ते 59 महिने वयाच्या 67.1 टक्के बालकांत रक्तक्षय आढळला. हे पाहता, हात पाहण्याचे हे साधे कौशल्य प्रत्येक पालकाने आत्मसात करावे असे आहे.

अंगठा आणि ताडपत्र

सीरकाळीजवळील वैद्येश्वरन कोविल हे गाव नाडीज्योतिषासाठी देशभर ओळखले जाते. येथील शिवाची उपासना वैद्य म्हणून होते, तर अंगारक म्हणजे मंगळाच्या दर्शनासाठीही भाविक येतात. आजारपण आणि विवाह या दोन मोठ्या चिंता घेऊन येणाऱ्यांची पावले मग नाडीवाचकांकडेही वळतात.

तेथे पुरुषांच्या उजव्या व स्त्रियांच्या डाव्या अंगठ्याचा ठसा घेतला जातो. त्यावरून ताडपत्रांचे गठ्ठे काढून वाचक एकेक विधान वाचतो आणि समोरची व्यक्ती ‘होय’ किंवा ‘नाही’ म्हणते. न जुळणारी पाने बाजूला पडतात आणि अखेरीस ‘आपले’ पान सापडते. ही पाने प्राचीन ऋषींनी लिहिली, अशी श्रद्धा आहे.

येथे साधे गणित ध्यानात घ्यावे. प्रत्येक उत्तराने शक्यता निम्म्याने घटत असतील, तर वीस उत्तरांत 10 लाखांहून अधिक शक्यतांतून एक निवडता येते. म्हणून सत्र संपल्यावर पहिला प्रश्न स्वतःलाच विचारावा : यातील किती माहिती मीच दिली? अंगठ्याच्या ठशाचे महत्त्व अर्थातच निर्विवाद आहे. 1897 मध्ये कोलकात्यात अंगुलीमुद्रा कार्यालय स्थापन झाले. ठशावरून माणूस कोण हे ठरवता येते. त्याच्या आयुष्यात पुढे काय घडेल, हे मात्र त्यात नसते.

उलटे सांगूनही पटले

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रे हायमन तरुणपणी हात पाहत असत. ग्राहकांच्या प्रतिसादामुळे त्यांचा या विद्येवर विश्वास बसला होता. एका ज्येष्ठ स्नेह्याने त्यांना रेषा दर्शवतील त्याच्या नेमके उलटे सांगून पाहण्याचा सल्ला दिला. हायमन यांनी तसे केले, तरीही ऐकणाऱ्यांना वर्णन तितकेच अचूक वाटले.

त्याचे कारण 1948 मधील एका प्रयोगातून उमगते. मानसशास्त्रज्ञ बर्ट्रम फोरर यांनी 39 विद्यार्थ्यांची व्यक्तिमत्त्व चाचणी घेतली आणि प्रत्येकाला ‘त्याचे’ वर्णन दिले. प्रत्यक्षात सर्वांच्या हाती एकच मजकूर होता. तरीही विद्यार्थ्यांनी त्याच्या अचूकतेला पाचपैकी सरासरी 4.26 गुण दिले. ‘तुम्ही वरून कणखर, पण आतून हळवे आहात’ यासारखे विधान बहुतेकांना आपल्यापुरतेच वाटते. समोरच्याला पटले, एवढ्यावरून विद्या सिद्ध होत नाही.

पडताळ्याची वही

तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात तीन हजारांहून अधिक मराठी हस्तलिखिते आहेत. सरफोजींच्या काळातील नेत्ररुग्णांच्या नोंदीही तेथे जतन केलेल्या आहेत. त्यांत डोळ्यांची चित्रे आणि उपचारांचे तपशील आढळतात. निरीक्षण त्याच वेळी कागदावर उतरवण्याची ही शिस्त हस्तरेषा शिकणाऱ्यानेही अंगीकारावी.

पद्धत सोपी आहे. ओळख लपवून तळहातांचे ठसे गोळा करावेत. माणूस समोर नसताना ठरावीक प्रश्नांची उत्तरे लिहावीत. उदाहरणार्थ, ही व्यक्ती विवाहित आहे का? उत्तरे तारखेसह बंद करावीत आणि मगच खरी माहिती पाहावी. बरोबर आलेल्यांइतकीच चुकलेली उत्तरेही मोजावीत.

पत्रिकांच्या बाबतीत अशी चाचणी महाराष्ट्रात झालेली आहे. खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर आणि सहकाऱ्यांनी 200 मुलांच्या पत्रिका जमवल्या. निम्मी मुले अभ्यासात हुशार, तर निम्मी मतिमंद होती. चाचणी पूर्ण करणाऱ्या 27 ज्योतिषांनी प्रत्येकी 40 पत्रिका पाहून मूल कोणत्या गटातील हे सांगितले. त्यांची सुमारे 46 टक्के उत्तरे बरोबर आली. नाणे उडवूनही सुमारे 50 टक्के उत्तरे बरोबर येतात. ही चाचणी पत्रिकांची होती; परंतु हस्तरेषांसाठीही हीच कसोटी लावता येते.

वहीतील आकडे नाण्यापलीकडे जात नसतील, तर शिकणाऱ्याने मर्यादा पाळायलाच हव्यात. आयुष्य किती, आजार बरा होईल का, विवाह मोडावा का, या प्रश्नांवर हात पाहून मत देऊ नये. रुग्णाला डॉक्टरांकडे पाठवावे. हात हाती घेऊन आस्थेने ऐकणे मात्र कोणालाही शिकता येते. अनेकदा समोरच्या माणसाला हवे असते तेही तेवढेच.