इस्पितळाच्या उंबरठ्याअलीकडे

अपघातवैद्यकाच्या प्रगतीचा विचार करू लागले की दृष्टी साहजिकच शस्त्रक्रियागृहातील यंत्रसामग्रीकडे वळते; परंतु मनुष्य जखमी होऊन पडल्यापासून इस्पितळाच्या दारात पोहोचेपर्यंत ज्या गोष्टींनी त्याचे प्राण सर्वाधिक वाचविले, त्या पाहू गेल्यास एक कापडी पट्टा, एक जुने व स्वस्त औषध आणि हात केव्हा आवरावा याविषयीचे शहाणपण, यांपलीकडे फारसे काही नजरेस पडत नाही, असे म्हणण्याचे धाडस मी करतो.

या विद्येची मुळे रणांगणात आहेत. नेपोलियनच्या सैन्यातील शल्यवैद्य दोमिनिक लारे याने अठराव्या शतकाच्या अखेरीस, लढाई चालू असतानाच हलक्या घोडागाड्या जखमींपर्यंत नेण्याची तजवीज केली आणि उपचारांचा क्रम हुद्द्यावरून न लावता जखमेच्या गांभीर्यावरून लावावा, असा शिरस्ता घातला. घोडागाड्यांचे कौतुक इतिहासकारांनी पुष्कळ केले आहे. मला मात्र शिपायाला सेनाधिकाऱ्याच्या आधी टेबलावर घेण्याचा तो हुकूम अधिक धाडसाचा वाटतो.

रक्तबंधाचा, म्हणजे टूर्निकेटचा, इतिहास तर एखाद्या पदच्युत सरदाराच्या पुनरागमनासारखा आहे. पॅरिसच्या झां-लुई पेती याने 1718 साली स्क्रूने आवळावयाचा रक्तबंध प्रचारात आणला. पण पहिल्या महायुद्धात तो बांधून तासन्‌तास तसाच राहिल्याने हातपाय सडल्याची उदाहरणे घडली, आणि पुढे कित्येक दशके प्रथमोपचाराच्या पुस्तकांनी त्याला अखेरचा, नाइलाजाचा उपाय म्हणून दूर ठेवले. या शतकाच्या आरंभी इराकच्या युद्धात अमेरिकन सैन्याने तो पुन्हा प्रत्येक शिपायाच्या कमरेला दिला. बगदादच्या लष्करी इस्पितळातील 2006 सालच्या नोंदींत असे आढळले की, रक्तस्रावाने शरीर कोसळण्यापूर्वी ज्यांना पट्टा बांधला गेला त्यांपैकी शेकडा 90 वाचले, आणि कोसळल्यावर ज्यांना बांधला त्यांपैकी केवळ शेकडा 10. निव्वळ पट्ट्यापायी अवयव गमावल्याचे उदाहरण त्या नोंदींत नाही. कृती म्हणाल तर साधी: जखमेच्या चार बोटे वर, सांधा टाळून, रुंद पट्टा घट्ट ओढावयाचा, त्यातील दांडी रक्त थांबेपर्यंत पिळावयाची, ती खाचेत अडकवावयाची आणि बांधल्याची वेळ पट्ट्यावरच लिहावयाची. रोगी वेदनेने ओरडतो. म्हणून पट्टा सैल करावयाचा नसतो. अरुंद सुतळी किंवा बुटाची नाडी मात्र कामाची नाही, कारण ती मांसात रुतते आणि धमनी तशीच वाहती ठेवते.

हात आवरण्याचा धडा ह्यूस्टन शहराने दिला. रक्त गेलेल्या माणसाला वाटेतच बाटल्यांमागून बाटल्या सलाइन द्यावे, हे तोवर निर्विवाद मानले जात असे. 1994 साली प्रसिद्ध झालेल्या तेथील अभ्यासात, धडावर गोळी वा सुऱ्याचे घाव झालेल्या 598 रुग्णांपैकी ज्यांना शस्त्रक्रियेपर्यंत सलाइन रोखून ठेवले त्यांतील शेकडा 70 जगले, आणि ज्यांना ते तत्काळ दिले त्यांतील 62. रक्तदाब वाढला की नुकती धरलेली गुठळी निसटते आणि उरलेले रक्त पातळ होऊन गोठण्याची शक्ती घटते, ही त्यामागील मीमांसा. मात्र हा निष्कर्ष अशा भेदक जखमांचा आहे, आणि डोक्याला मार बसला असेल तर रक्तदाब खाली राहू देणे घातक ठरते, एवढी पुस्ती त्यास जोडलीच पाहिजे.

औषधाची कथा जपानची. उताको व शोसुके ओकामोतो या दांपत्याने प्रसूतीनंतरच्या रक्तस्रावावर उपाय शोधताना साठीच्या दशकात ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड सिद्ध केले. आपल्याकडील स्त्रियांना ते मासिक पाळीच्या अतिस्रावावरील गोळी म्हणून परिचित आहे. अपघातात त्याची परीक्षा होण्यास 2010 साल उजाडले. भारतासह 40 देशांतील वीस हजारांहून अधिक जखमींवर झालेल्या त्या चाचणीत मृत्यू शेकडा 16 वरून साडेचौदावर आले. पहिल्या तासात दिल्यास लाभ सर्वाधिक, तीन तासांनंतर दिल्यास उलट अपाय, हेही तिच्यातूनच निष्पन्न झाले. म्हणजे औषधाची खरी जागा इस्पितळाच्या कपाटात नसून रुग्णवाहिकेच्या पेटीत आहे.

महाराष्ट्रात 2014 पासून 108 क्रमांकाची सेवा चालू आहे. तिच्या आरंभीच्या 937 गाड्यांपैकी 233 प्रगत जीवरक्षक सामग्रीने सज्ज होत्या आणि प्रत्येक गाडीवर डॉक्टर नेमण्याची तरतूद होती. अन्य अनेक राज्ये केवळ तंत्रज्ञांवर भिस्त ठेवीत असता ही व्यवस्था भूषणावह खरी. तथापि घाटात उलटलेल्या ट्रकपाशी पहिला हात पोहोचतो तो डॉक्टरचा नव्हे, तर मागून येणाऱ्या मोटारवाल्याचा किंवा कडेच्या धाब्यावरील पोऱ्याचा.

आणि तो हात आपल्याकडे पंचनामा, जबानी व कोर्टाच्या खेपांच्या धास्तीने आखडलेला असे. मोटारीने उडविलेल्या एका स्कूटरस्वाराला, पोलिसी प्रकरणे घेण्याची मुभा नाही या सबबीवर, वीस किलोमीटरवरील दुसऱ्या इस्पितळाकडे पाठविण्यात आले व तो वाटेतच मरण पावला. त्या हकिकतीवरून उद्भवलेल्या परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1989 साली, आधी उपचार आणि मागाहून कागदपत्रे, असा निर्वाळा दिला. मदत करणाऱ्यास दिवाणी वा फौजदारी जबाबदारीतून मुक्त ठेवणारे 134-अ हे कलम मोटार वाहन कायद्यात येण्यास मात्र 2019 साल लागले. त्याखालील नियमांप्रमाणे, अशा मनुष्याला आपले नाव सांगण्याची सक्ती नाही ही गोष्ट प्रत्येक इस्पितळाने हिंदी, इंग्रजी व स्थानिक भाषेत दर्शनी जागी फलकावर लावावयाची आहे. आमच्या शहरातील इस्पितळांच्या प्रवेशद्वारांशी अनामत रकमेचा फलक मला हटकून दिसतो. हा दुसरा शोधावा लागतो.